त्या सुगीतली नवी सुई

दसरा झाला की आमच्याकडे हवेचा वास बदलतो. चार महिने भिजलेल्या भिंती, ओल्या चपला, कोंदट कपाटं यांचा वास मागे सरतो आणि कापलेल्या भाताचा, वाळत्या पेंढ्याचा कोरडा, नाकाला किंचित हुळहुळवणारा वास येऊ लागतो. मी आता महाडला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या इमारतीच्या मागे एकच शेत उरलंय. तेवढ्याशा शेतात कापणी सुरू झाली तरी दिवेलागणीला मी खिडकी उघडून उभी राहते. माझा मुलगा विचारतो, "आई, काय बघतेस?" मी बघत नसते, ऐकत असते. शेतातले किडे ओरडत असतात. ते ऐकू येतायत ना, एवढंच मी पाहून घेते.

ही सवय मला एका सुगीनं लावली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही पोलादपूरच्या बाहेर, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत राहायचो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होते. कंपनीची बस हायवेवर यायची. मी कॉलेजला महाडलाच, पण एसटीनं. घरची थोडी भातशेती आई बघायची, आणि सुगीत आप्पा न् मी दोघंही तिच्या हाताखाली.

आप्पांना गाण्याचं वेड होतं. स्वतः कधी गुणगुणायचेसुद्धा नाहीत, पण ऐकायला बसले की मांडी मोडायची नाही. लग्नाआधी त्यांनी एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला होता. त्याच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई जिथे बसते त्या डबीत, एका जातीच्या मिठाचा स्फटिक असायचा. दाब पडला की वीज देणारा. मोठी हुशारीची गोष्ट, पण आमच्या पावसापुढे तिचं काही चाललं नाही. ते शेवटी मीठच. दोन पावसाळ्यांत ते आतल्या आत पाझरलं आणि गाणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं येऊ लागलं. मग तो प्लेअर माळ्यावर गेला आणि रेकॉर्डी ट्रंकेत.

त्या ट्रंकेतून बाहेर आल्या हसनचाचांमुळे. हसनचाचा महाडचे. पंधरा-वीस वर्षं कुवेतला गाडी चालवली आणि मग कायमचे परत आले. आप्पांची न् त्यांची ओळख शाळेपासूनची. येताना त्यांनी एक जपानी प्लेअर आणला होता, काळा, जड, वर धुरकट काचेसारखं झाकण. पण त्यांचं घर सावित्रीच्या बाजूला. नदी फुगली की पाणी पायरीला लागायचं. एका पावसाळ्याच्या तोंडावर ते तो प्लेअर रिक्षात घालून थेट आमच्याकडे आले.

"मोरे, हे तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं एक दिवस पाण्यात जायचं. मी रविवारी येत जाईन ऐकायला."

"आणि तू नसताना मी लावला तर?"

"मग काय पोलिसात जाऊ?" हसनचाचा म्हणाले.

तेव्हापासून रविवारची दुपार त्या दोघांची. हसनचाचांच्या आवडीच्या कव्वाल्या आणि आप्पांची नाट्यगीतं, आलटून पालटून. आई एकदा चहा करायची आणि पुन्हा एकदा करायची. दोघं बोलायचे फारच कमी. एखादी जागा आली की एकमेकांकडे बघायचे, तेवढंच.

तो प्लेअर कसा चालतो हे मला त्या दोघांनीच सांगितलं. एक झाकण उचलून दाखवायचा, दुसरा त्याचं वाक्य पुरं करायचा. रेकॉर्डवर एकच लांबलचक खाच असते, कडेपासून आत गुंडाळत गेलेली. खाचेच्या दोन्ही भिंतींवर आवाजाची बारीक नागमोड कोरलेली असते. सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण. तो त्या नागमोडीतून जाताना थरथरतो. ही थरथर केसाएवढ्या पोकळ नळीतून मागे जाते. नळीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक, आणि त्याच्या शेजारी कार्ट्रिजमध्ये तारेची वेटोळी. चुंबक हलला की तारेत वीज उठते, अगदी नावापुरती. पुढे तिची मोठी लाट करणं हे ॲम्प्लिफायरचं काम. मला तेव्हा नवल वाटायचं ते या साखळीच्या पहिल्या कडीचं. कुणीतरी काही वर्षांपूर्वी गायलं, त्याच्या डोंगर-दऱ्या होऊन प्लास्टिकमध्ये उतरल्या, आणि आता आमच्या घरात एक कण त्या वाटेनं चालत जाऊन ते सगळं परत सांगतोय.

आणि चालणारा झिजतो. हिरा सगळ्यात कठीण, हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यामुळे प्लास्टिकवर घासून हिरा झिजतो हे मला पटायचं नाही. पण त्या कणाचा रेकॉर्डवर टेकणारा भाग इतका बारीक असतो, की सुई धरणाऱ्या दांड्याचा जरासा भारसुद्धा त्याला डोंगराएवढा होतो. त्यात धूळ. रेकॉर्डच्या खाचेत बसलेली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. गोल टोक दोन्ही बाजूंनी सपाट होत जातं आणि त्याला पटाशीसारख्या धारा येतात. मग सुई खाचेतल्या बारीक वळणांत शिरू शकत नाही, ती वळणं तासून काढते. पहिल्यांदा बिघडतात स आणि श. ते फाटतात, थुंकी उडाल्यासारखे येतात. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात जास्तच, कारण आतल्या लहान वेढ्यांमध्ये नागमोड दाटीवाटीनं बसवलेली असते.

त्या सुगीत हेच झालं होतं. पावसाळाभर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेला प्लेअर आप्पांनी दसऱ्याला बाहेर काढला. पहिलीच रेकॉर्ड लावली आणि हसनचाचांनी तोंड वाकडं केलं. आधीच्या वर्षीही आवाज थोडा खरखरत होता, पण धूळ असेल म्हणून दोघांनी चालवून घेतलं होतं. आता गाणाऱ्या बाईंच्या प्रत्येक 'सखी'ला कुणीतरी कागद फाडत होतं.

"बंद कर, मोरे," हसनचाचा म्हणाले. "सुई गेली. आणखी लावशील तर रेकॉर्डची माती होईल."

आप्पांनी दांडा उचलला. महाडात अशी सुई मिळणं शक्यच नव्हतं. सगळीकडे कॅसेटी होत्या, शहरांत सीड्या आल्या होत्या. हसनचाचा म्हणाले, "माझा जावई मुंबईला असतो. जुनी दुकानं त्याला माहीत हायत. मी बघतो."

मग बरेच दिवस घर गप्प राहिलं, आणि तेही एका अर्थी बरंच, कारण बाहेर कापणी अंगावर आली होती. सकाळी दवानं ओलं झालेलं भात, दुपारी पाठ भाजणारं ऊन. हाताला पानांच्या धारेचे चरे पडायचे आणि घाम लागला की चुरचुरायचे. भारे बांधून खळ्यावर आणायचे, त्यांची उडवी रचायची, मग झोडणी. आप्पा पाळीवरून आले की जेवून थेट खळ्यावर. आई हाक मारायची, "अहो, इकडचा भारा घ्या," आणि ते दुसरीकडे वळायचे. आई ओठ मिटून स्वतःच भारा उचलायची. असं मी त्या सुगीत अनेकदा पाहिलं. मला वाटायचं, दोघंही दमलेत.

नवी सुई आली ती दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी. हसनचाचांच्या जावयानं ती कुणाच्या तरी हाती पाठवली आणि चाचांनी कंपनीच्या बसथांब्यावर येऊन आप्पांच्या हातात दिली. काडेपेटीएवढी पारदर्शक डबी. आप्पांनी साबणानं हात धुतले, पंच्याला पुसले, आणि जुनी सुई कार्ट्रिजमधून सरकवून काढून नवी बसवली. पण लावली नाही. रविवारी हसन येईल तेव्हाच लावायची म्हणाले.

रविवारी मी आणि आई खळ्यावर होतो. घरातून गाण्याचा आवाज येत होता, स्वच्छ, फाटका नव्हे. आई म्हणाली, "बरं झालं बाय, एकदाचं सुधारलं." थोड्या वेळानं गाणं थांबलं. पुन्हा तेच गाणं सुरू झालं. पुन्हा थांबलं. आणि मग आप्पांचा चढलेला आवाज आला.

आप्पांची एक लाडकी रेकॉर्ड होती. एका गायिकेची गवळण. प्रत्येक अंतऱ्यानंतर मंजिरीचे टोल पडायचे, लहान, पितळी, लांबून कुणी गायींना घेऊन चालल्यासारखे. आप्पा म्हणायचे, गाणं कुणीही म्हणेल, ही मंजिरी कुणाला सुचली असेल? आणि त्या रविवारी त्यांना ती मंजिरीच सापडत नव्हती.

मी दारात पोचले तेव्हा हसनचाचा उभे होते. कपातला चहा तसाच.

"वाजते की रे, मोरे. साफ वाजते."

"कुठं वाजते? मी काय बहिरा आहे? सुई जुन्या मालातली आहे. आतलं रबर कडक झालंय. तुझ्या जावयाला दुकानदारानं फसवलं."

"अरे पण मला ऐकू येते ना."

"तुला येणारच. तू आणलीस म्हणून येते."

हसनचाचा हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलतो, मोरे?"

आप्पा प्लेअरकडे वळले. चाचांनी चपला घातल्या. माझ्याजवळून जाताना डोक्यावर हात ठेवला, "येतो गो, सुमनबाय," म्हणाले आणि रस्त्याकडे चालू लागले. आई मागून धावली, चहा तरी पुरा करा म्हणाली, पण ते वळले नाहीत.

मग मी रेकॉर्ड लावली. मंजिरी होती. प्रत्येक अंतऱ्यानंतर, अगदी लख्ख. खरं तर गेल्या तीनेक वर्षांत मी ती इतकी स्पष्ट ऐकलीच नव्हती. मी आप्पांना म्हटलं, "वाजतेय आप्पा. ही बघा, आत्ता."

त्यांनी स्पीकरला कान लावला. चेहऱ्यावर एक आशा आली आणि गेली. "तुम्ही सगळे त्याच्या बाजूचे," म्हणाले, आणि बटण बंद केलं. त्या संध्याकाळी त्यांनी प्लेअर त्याच्या मूळ खोक्यात भरला, सुतळीनं बांधला आणि दाराशी ठेवला. ज्याचं त्याला परत द्यायचं, म्हणाले.

माझं डोकं तेव्हा प्रयोगशाळेत चालायचं. वाद आहे ना, मग मोजून बघू. मी खोकं सोडून नवी सुई काढली, जुनीही घेतली, दोन्ही कापसात गुंडाळून कॉलेजला नेल्या. प्रॅक्टिकल संपल्यावर मॅडमना विचारलं. त्या हसल्या, पण सूक्ष्मदर्शक दिला. आधी जुनी ठेवली. नुसत्या डोळ्यांना जी टाचणीच्या टोकासारखी दिसायची, ती भिंगाखाली भुंडी निघाली. दोन्ही अंगांना चकचकीत सपाट डाग, आणि त्यांच्या कडेला धूळ न् प्लास्टिकचा भुगा. मग नवी. तिचं टोक गोल, गुळगुळीत, पावसाच्या थेंबाच्या खालच्या बाजूसारखं. मॅडमही वाकून बघत राहिल्या. "किती सुंदर आहे गं," म्हणाल्या.

घरी येऊन मी नवी सुई परत बसवली, खोकं पुन्हा सुतळीनं बांधलं आणि आप्पांना सगळं सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. त्यांनी नीट बघितलं. "टोक चांगलं असेल," म्हणाले. "मग कार्ट्रिज गेलं. आतली तार सुटली असेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तर वाटलं, त्यांना काहीतरी बिघडलेलं सापडायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही खळ्यावर उरलेला पेंढा रचत होतो. ऊन उतरलं होतं. बांधावरच्या गवतातून, उडव्यांमधून, मागच्या रानातून किडे ओरडायला लागले. सुगीच्या संध्याकाळी ते असे ओरडतात की सगळं शिवारच कुणीतरी बारीक कानशीनं घासतंय असं वाटतं. आप्पांनी पाठ सरळ केली, चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "यंदा किडे नायसे झालेत. बघ किती शांत आहे. लोक फवारण्या करतात ना, त्यानं मेले सगळे."

माझ्या हातात पेंढ्याची जुडी होती. ती तशीच राहिली. किड्यांच्या आवाजानं माझे कान भरून गेले होते, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर माझे वडील शांतता ऐकत होते.

आप्पा कारखान्यात कॉम्प्रेसर हाउसमध्ये होते. मी एकदाच तिथे गेले होते, कामगारांच्या मुलांना कारखाना दाखवतात तेव्हा. आत पाऊल टाकलं की आवाज छातीत शिरायचा. माणसं खुणांनी बोलायची. भिंतीला कानांवर लावायचे टोप टांगलेले होते. कामगार त्यांना 'हेडफोन' म्हणायचे आणि कुणी लावायचं नाही, गरम होतं म्हणून. आप्पा तिथे दहा-बारा वर्षं उभे राहिले होते.

मी आईला बाजूला घेऊन सांगितलं. ती हातातलं सूप खाली ठेवून बसली. मग म्हणाली, "सुमन, मी काय समजत होते ठाऊक हाय? मी हाक मारते न् हे वळत नायत. मी काय सांगते न् हे भलतंच बोलतात. दोन वर्षं झाली. मला वाटलं, माझं बोलणं आता यांना नकोसं झालंय. म्हणून मीच बोलणं कमी केलं."

ती उठली. आप्पा खळ्याच्या टोकाला पाठमोरे उभे राहून खराट्यानं दाणे गोळा करत होते. आई त्यांच्या मागे गेली, चार पावलांवर थांबली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, घरात साप शिरलाय."

आप्पा खराटा मारत राहिले.

"मोठा साप हाय. सुमनच्या खाटेखाली."

खराटा चालूच. दाणे सरकत होते, धूळ उडत होती. आई वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि त्यांच्या हातातला खराटा धरला.

"काय गो? काय झालं?"

"काय नाय," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तुमी माझ्यावर रागावलेले नाय."

"मी कशाला रागवू?" आप्पा गोंधळून माझ्याकडे बघू लागले. आई तिथेच पेंढ्यावर बसली. मग मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश, एक एक शब्द मोकळा करून त्यांना सांगितलं. किड्यांचं, मंजिरीचं, सापाचं. त्यांनी मध्ये एकदाही मला तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर एकच विचारलं, "आत्ता ओरडतायत?"

"हो."

"खूप?"

"खूप, आप्पा."

ते मान कलती करून उभे राहिले. अंधार पडू लागला तरी तसेच.

कानाच्या डॉक्टरांकडे एक लहानशी खोली होती, भिंतींना आतून जाड स्पंज लावलेला. आप्पांना आत बसवलं, कानांना यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी बाहेर काचेशी उभी होते. सुरुवातीला बोट लगेच वर जायचं. डॉक्टर बटण फिरवत गेले तसं ते उशिरा वर जाऊ लागलं. मग जाईना. आप्पा डोळे मिटून बसले होते, कपाळाला आठ्या, बोट मांडीवर तयार ठेवलेलं. देवळात घंटेची वाट बघणाऱ्या माणसासारखे. डॉक्टरांनी आवाज आणखी वाढवला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे बोट जरासं हललं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आत कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजानं त्या डुलतात आणि मेंदूला खबर देतात. सतत मोठ्या आवाजात राहिलं की त्या मोडतात, आणि आधी मोडतात त्या बारीक, उंच आवाजाच्या. जाड आवाज येत राहतो, म्हणून माणसाला कळतही नाही. त्याला वाटतं, लोकच अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत.

"औषध?" आप्पांनी विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते जपा. त्या मशीनपासून लांब व्हा."

आप्पा म्हणाले, "हिऱ्याची सुई झिजली तर निदान दुसरी मिळते, डॉक्टर." डॉक्टरांना काही कळलं नाही. ते नुसते हसले.

मला तेव्हा एक गोष्ट उमगली, ती मी आजही वर्गात सांगते. जुनी सुई खराब होती, तेव्हा ती जी खरखर करायची ती आप्पांना ऐकू यायची, आणि त्यांना वाटायचं की सगळा दोष तिथेच आहे. नवी सुई आली, खरखर गेली, आणि त्या स्वच्छ आवाजात जे रिकामं राहिलं ते त्यांचं स्वतःचं होतं. एक बिघाड दुसऱ्या बिघाडावर पांघरूण घालून बसला होता.

दवाखान्यातून आम्ही सरळ हसनचाचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर पेपर वाचत होते. आप्पांना बघून उठले नाहीत, पण पेपर खाली ठेवला. आप्पांनी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"कागद कशाला दाखवतोस? मी काय कोर्ट हाय?" चाचा म्हणाले.

"तू खोटं बोलत नव्हतास, हसन. माझे कान गेलेत."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी आप्पांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं आणि बराच वेळ हात सोडला नाही. आतून चाची पाणी घेऊन आल्या. मग चाचाच म्हणाले, "मोरे, एक सांगू? मी घरी आलो न् मलाच शंका आली. म्हटलं, मोरे कधी असं बोलत नाय, सुईच वाईट असंल. मी जावयाला दुसरी आणायला सांगितलीय. तो गेल्या शनिवारी सगळी दुकानं फिरून आला."

आप्पांनी तोंड फिरवलं. नदीकडे बघत बसले. मीही तिकडेच बघितलं, कारण त्या क्षणी त्यांच्याकडे बघणं बरं नव्हतं.

दिवाळीच्या रविवारी हसनचाचा आमच्याकडे आले. आईनं खोक्याची सुतळी आधीच सोडून ठेवली होती. गवळण लावली. पहिला अंतरा संपला आणि चाचांनी, काही न बोलता, आप्पांच्या मनगटावर बोटानं टिचकी मारली. टोल पडेल तशी टिचकी. आप्पांनी डोळे मिटले. आई दारात उभी होती. रेकॉर्ड संपली, सुई शेवटच्या वेढ्यात फिरत राहिली, तरी दांडा उचलायला कुणी उठलं नाही.

पुढची काही वर्षं हे असं चाललं. रविवारही कमी होत गेले, चाचांना मोटरसायकलवर बसवेना, कॅसेटीही गेल्या, सीड्याही जुन्या झाल्या. सुगीच्या या दिवसांत मला त्या दोघांची आठवण येते, पण नुसती हळहळ वाटत नाही. आप्पांनी त्यानंतर जे केलं त्याची आठवण जास्त येते.

त्यांनी कंपनीत अर्ज केला, वरच्यांना भेटले, पुन्हा भेटले, आणि शेवटी त्यांना वजनकाट्यावर काम मिळालं. कॉम्प्रेसर हाउसमध्ये त्यांच्या जागी शेलार म्हणून एक जण आले. पाचाडकडचे, घरी बायको न् दोन मुलं. आप्पांनी त्यांना पहिल्याच दिवशी भिंतीवरचा टोप काढून दिला. शेलारांनी तो गळ्यात अडकवला, कानावर नाही. दुसऱ्या दिवसापासून आप्पा पाळी बदलताना वजनकाट्यावरून मुद्दाम तिकडे जायचे आणि दारात उभे राहायचे. शेलार टोप कानावर चढवेपर्यंत हलायचे नाहीत. बाकीचे चेष्टा करायचे. म्हणायचे, मोरे आता हेडफोनचे एजंट झाले. आप्पांना ती चेष्टा निम्मी ऐकू यायची, त्यामुळे त्यांचं काही बिघडायचं नाही. शेलार चिडायचे. एकदा तर त्यांनी तोंडावर सांगितलं, माझे कान, मी बघीन. आप्पा म्हणाले, "बघ. पण लावून बघ." आणि उभे राहिले. हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. घरी येऊन कधी त्याचा उल्लेखही केला नाही. मला हे सगळं पुढे शेलारांकडूनच कळलं.

मी लग्न होऊन महाडला आले होते, आणि अशाच एका ऑक्टोबरात पोलादपूरला गेले होते. आप्पा अंगणात बसले होते. मोटरसायकलवरून एक गृहस्थ आले, केस पिकू लागलेले, हातात मिठाईचा पुडा. नातू झाला म्हणून पेढे द्यायला आले होते. आप्पांच्या पाया पडले आणि बोलायला लागले. भरभर, खाली बघत, जसं माणूस मनातलं बोलताना बोलतो.

"आप्पा, तिकडं माझ्या बरोबरीचे सगळे आता हात कानामागं धरून बोलतात. माझा नातू मागच्या खोलीत नुसता कुरकुरला तरी मला पुढच्या वटीवर ऐकू येतं. सून म्हणते, बाबा, तुम्हाला माझ्याआधी कसं कळतं? मी तुमाला लय शिव्या दिल्या होत्या तेव्हा मनातल्या मनात."

आप्पा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, हसत, मान डोलवत होते. मला ते डोलवणं ठाऊक होतं. त्यांना एकही शब्द लागला नव्हता. शेलार निघाले, मोटरसायकल रस्त्याला लागली, तेव्हा आप्पांनी मला विचारलं, "काय म्हणत होता गं तो एवढं?"

मी त्यांच्या समोर जाऊन उकिडवी बसले. ते माझ्या ओठांकडे बघू लागले. मी शेलारांचं सगळं बोलणं पहिल्यापासून, सावकाश, मोठ्यानं, शिव्यांसकट सांगितलं. नातवाचं कुरकुरणं मागच्या खोलीतून वटीपर्यंत येतं, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"मागच्या खोलीतून?"

"हो, मागच्या खोलीतून."

"दार लोटलेलं असेल तरी?"

"ते नाही विचारलं मी."

"विचारायचंस ना," आप्पा म्हणाले. आणि रस्त्याकडे बघत, मोटरसायकल दिसेनाशी झाली होती तरी, पेढ्याचा पुडा उघडायला लागले.